फुल फेस मास्क की नाकाचा मास्क? स्लीप ॲप्नियाबरोबर एन्झायटी-डिप्रेशनही असेल तर

स्लीप स्टडीचा रिपोर्ट आला, झोपेत श्वास अडण्याचा आजार म्हणजे स्लीप ॲप्निया निघाला, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, सांगितलं, कुठलं मशीन घ्यायचं ते डीलरने जवळपास ठरवूनच टाकलं. इथपर्यंत बहुतेकांचं सारखंच असतं. मशीनबद्दल घरात आठवडाभर चर्चा होते, दहा जणांना फोन होतात. मास्क मात्र डब्यातून निघेल तो घेतला जातो. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. ज्यांची आधीपासून एन्झायटीची किंवा डिप्रेशनची गोळी चालू आहे त्यांनी तर नक्कीच मशीनपेक्षा मास्कचा विचार जास्त करावा. मशीन स्टुलावर असतं, मास्क रात्रभर तोंडावर असतो.

मी सांगलीचा, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं काम करतो. माझा एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) 30 च्या आसपास, म्हणजे मध्यम आणि तीव्र यांच्या हद्दीवर. डिप्रेशनचं निदान त्याच्या आधीचं, आणि जीव घाबरा होण्याचा त्रास त्याहून जुना. आधी नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क वापरला, आता नुसत्या नाकाचा वापरतो. साताऱ्याचे आमचे दाजी फुल फेसच वापरतात आणि त्यांचं उत्तम चाललंय, म्हणून त्यांची बाजूही सांगतो. मी डॉक्टर नाही. तुमच्या नाकाची, जबड्याची आणि प्रेशरची गोष्ट तुमच्या डॉक्टरांनाच ठाऊक. तरी दोन्ही तोंडावर बांधून झोपलेल्या माणसाचं मत म्हणून हे वाचा.

फुल फेसची बाजू आधी, कारण ती कमकुवत नाही. तुम्ही तोंड उघडं टाकून झोपत असाल तर हवा वाया जात नाही, नाक चोंदलं तरी अडत नाही. मला हाच मास्क दिला गेला तो याच कारणाने, आणि कारण खोटं नव्हतं. हंगामात यार्डात हळदीच्या पोत्यांची उलथापालथ सुरू झाली की धूळ नाकातोंडात जाते आणि संध्याकाळपर्यंत एक नाकपुडी बंदच होते. अशा माणसाला नाकाचा मास्क कसा द्यायचा, असं कुणालाही वाटेल.

अडचण आली ती पाण्यावरून. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांनी जास्त, नव्यांनी कमी, पण काहींना नव्यांनीही पडतं. मला पडतं. रात्री दोन-तीनच्या सुमारास जीभ टाळूला चिकटून जाग येते आणि पाणी प्यावंच लागतं. फुल फेस मास्क असताना एक घोट पाण्यासाठी काय काय करावं लागतं ते बघा. अंधारात खालची क्लिप चाचपायची, ती निघाली की मशीनचा फुसफुसाट खोलीभर होतो, बायको कूस बदलते. तांब्यातलं पाणी प्यायचं, मास्क परत चढवायचा, क्लिप लावायची. आता तो आधीच्या जागी बसत नाही. नाकाच्या दांडीपाशी बारीक फट राहते आणि हवेची धार सरळ डोळ्यात येते. पट्टा ओढला की ती फट बुजते आणि गालापाशी दुसरी उघडते. एवढं होईस्तोवर झोप पुरती उडालेली असते, आणि उडालेल्या झोपेच्या जागी काय येऊन बसतं ते एन्झायटी असलेल्याला सांगायला नको. उद्याचा ताळेबंद, मुलीची फी, आणि ‘हे आता जन्मभर असंच का?’ हा प्रश्न.

मग मास्क उशाशी जातो आणि मशीन बंद होतं.

चांगल्या मनःस्थितीतला माणूस पुन्हा प्रयत्न करेल. डिप्रेशनमध्ये पहाटे तीनला ती उमेद नसते. याला आळस म्हणू नका, आजार असाच असतो. सीपॅपचा नियमित वापर म्हणजे साधारणपणे रात्री किमान 4 तास, आणि तेही 70 टक्के रात्री, असा निकष धरतात. माझ्या मशीनच्या कार्डावर वापर अडीच-तीन तासांच्या पुढे सरकत नव्हता, आणि तो तुटायचा नेमका पाणी प्यायच्या वेळेला. म्हणून मला आता वाटतं की आपल्यासारख्यांनी मास्क निवडताना ‘कुठला जास्त घट्ट बसतो’ हे नंतर बघावं. आधी बघावं की कुठला रात्री काढावाच लागत नाही, आणि काढला तर झोपेत असल्यासारखा परत लावता येतो.

नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. उशाशी झाकणाची, नळी असलेली बाटली ठेवली की मास्क न काढता दोन घोट पिता येतात. पिताना थोडी हवा तोंडातून निसटते, ते चालतं. प्रेशर जास्त असलेल्यांना कदाचित एवढं सोपं जाणार नाही. बायकोने ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं तर ‘हो’ म्हणता येतं. एवढी लहान गोष्ट, पण अंधारात घाबरलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येणं फार मोठं असतं.

दुसरी गोष्ट लाइटची. मे महिन्यात वळीव आला की आमच्याकडे रात्री लाइट जातेच. फुल फेस मास्कमध्ये यासाठी सोय असते. मशीन बंद पडलं की एक झडप आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. गुदमरायची भीती नाही, हे डोक्याला माहीत असतं. छातीला माहीत नसतं. हवा थांबते, मास्कमध्ये आपलाच गरम श्वास जाणवतो आणि धडधड सुरू होते. घाबरलेला माणूस श्वास तोंडाने ओढतो आणि फुल फेसमध्ये तोंडही आतच असतं. नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडलं की झालं. इन्व्हर्टर घेतलात तर हा मुद्दा बराच हलका होतो हे मान्य, आणि ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा मशीनचा भाग) बंद ठेवला तर बॅटरीही जास्त वेळ पुरते. पण पॅनिक लाइट असतानाही येतो.

नाकाच्या मास्कचा खरा दोष तोंड उघडण्याचा आहे. झोपेत जबडा सैल पडला की हवा तोंडातून निघून जाते, घसा कोरडा होतो आणि उपचार अर्धवट राहतो. सुरुवातीला मला हनुवटीचा पट्टा लावावा लागला. पुढे तोंड आपोआप मिटून राहू लागलं. अनेकांचं असं होतं म्हणतात, कारण तोंडाने श्वास घ्यायची सवय पुष्कळदा घसा बंद होण्यामुळेच लागलेली असते. सगळ्यांचं होईल असं नाही. तोंडाला टेप लावायचा सल्लाही कुणीतरी देईल. एन्झायटी असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चोंदलेल्या नाकासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी संध्याकाळी सलाईनने नाक धुवायला सांगितलं. जलनेती येत असेल तर तीच, फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं. त्यावर ह्युमिडिफायरची दमट हवा मिळाली की हळदीच्या हंगामातही माझं नाक रात्रभर चालतं. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र रोज वापरू नका. थोडे दिवस गेले की त्या थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं.

आता दाजी. त्यांच्या नाकाचा पडदा वाकडा, ऑपरेशन करायचं नाही हा त्यांचा निर्णय, आणि मिशा झुपकेदार. नाकाचा मास्क वरच्या ओठावर टेकतो, तिथे मिशांमुळे तो बसतच नाही. फुल फेसमध्ये मिशा सगळ्या आत राहतात. शिवाय त्यांना मास्कची भीती म्हणून कधी वाटली नाही. दहाला आडवे होतात, साडेपाचला उठून अजिंक्यताऱ्याकडे चालायला जातात. त्यांचा त्रास वेगळाच होता. साताऱ्याच्या थंडीत नळीत वाफेचं पाणी साचायचं आणि पहाटे गुडगुड आवाज करत तोंडावर यायचं. नळीला कापडी आवरण घातलं, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवलं, तेव्हा ते थांबलं. ज्याचं नाक खरोखरच बंद आहे आणि ज्याचं मन रात्री शांत असतं, त्याने दाजींचं ऐकावं.

एक मात्र सांगतो. सीपॅप जन्मालाच नाकाच्या मास्कने आलं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये पाच रुग्णांवरचा जो पहिला प्रयोग प्रसिद्ध केला त्यात हवा नाकातूनच दिली होती. नाकातून गेलेला दाब मऊ टाळू आणि जीभ पुढे ढकलून वाट मोकळी ठेवतो. फुल फेसमध्ये पट्टे ओढले की हनुवटी मागे दाबली जाऊ शकते आणि जीभही मागे सरते, त्यामुळे काहींना प्रेशर जास्त लागतं. तेव्हा फुल फेसमध्ये ठरवलेलं प्रेशर नाकाच्या मास्कला तसंच लागू होईल असं धरू नका. मास्क बदललात तर डॉक्टरांना सांगा.

नाकपुड्यांत बसणारे छोटे नेझल पिलोही मिळतात. तोंडावर सर्वांत कमी ओझं त्यांचंच, चष्मा घालून वाचता येतं. माझ्या नाकपुड्या आतून सोलवटल्या, म्हणून मी तिथे थांबलो नाही. ज्यांचं प्रेशर कमी आहे त्यांनी जरूर लावून बघावेत.

मास्क कुठलाही घ्या, पहिल्याच रात्री तो बांधून झोपेची वाट बघू नका. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मला चढत्या पायऱ्या दिल्या होत्या आणि त्यांनीच मी तरलो. आधी दिवसा, बैठकीच्या खोलीत, नुसता मास्क हाताने तोंडाशी धरून टीव्ही बघायचा. मग पट्टे लावून. मग मशीन जोडून, पण बसूनच. मग दुपारी आडवं होऊन. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत पुढची घ्यायची नाही. धडधड वाढली तर मागच्या पायरीवर यायचं, मास्क फेकून खोलीबाहेर जायचं नाही. मशीनमध्ये रॅम्प असतो, प्रेशर 4 पासून हळूहळू वाढतं. तो लावून घ्या. श्वास सोडताना प्रेशर थोडं कमी करायचीही सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती डीलरकडून चालू करून घ्या. श्वास बाहेर ढकलता येत नाही या जाणिवेनेच बरेच लोक घाबरतात.

आणि सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर स्कोअर बघणं सोडा. काल एएचआय 3 होता, आज 6 का झाला, यावर चिंतेचं मन दिवसभर दळत बसतं. एका रात्रीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मी आकडे महिन्याने डॉक्टरांसमोरच बघतो.

गोळ्यांचं एक अगदी महत्त्वाचं. झोपेच्या आणि एन्झायटीच्या काही गोळ्या, विशेषतः बेंझोडायझेपिन गटातल्या, घशाचे स्नायू सैल करतात आणि ॲप्निया वाढवू शकतात. दारूही तेच करते. म्हणून छातीच्या डॉक्टरांची फाइल मनाच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांची यांना. मिरजेला एकाच रस्त्यावर दोघांचे दवाखाने असले तरी ते आपल्याबद्दल एकमेकांशी बोलतीलच असं नाही, कागद आपणच न्यायचा. आणि मशीनने ताजंतवानं वाटू लागलं म्हणून डिप्रेशनची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा दोन्ही आजारांत असतो, त्यामुळे कशाने काय बरं झालं हे आपल्याला घरी बसून कळत नाही. माझी सकाळची जडशीळ डोकेदुखी मशीनने गेली, उदासी मात्र गोळी आणि बोलणं यांनीच हळूहळू ओसरते आहे. एखाद्या रात्री फारच अंधारून आलं, जगणं नको वाटलं, तर 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही उचलतात.

मास्क घेताना डीलरकडे खुर्चीत बसून ट्रायल घेऊ नका. आडवं व्हा, तुमचं प्रेशर लावायला सांगा, दोन्ही कुशींवर वळून बघा. कुशनचे दोन-तीन साइझ लावून बघायला मागा. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल तर लोहचुंबकाच्या क्लिपचा मास्क घेऊ नका. क्लिप डोळे मिटून एका हाताने लागते का ते तिथेच करून बघा. न जमल्यास मास्क बदलून मिळेल का, आणि सुटं कुशन सांगली-मिरजेत मिळतं की पुण्याहून मागवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.