सेकी डिस्क: वर्षभर वापरली, ४ स्टार, पण वजन आपलं आपण लावा

पाणी किती नितळ ते मोजायला शाळेच्या विज्ञान मंडळासाठी ही ऑनलाइन मागवली होती, २० सेंटिमीटरची गोल तबकडी, काळे-पांढरे चार भाग, सोबत १० मीटर दोरी. आता वर्ष होत आलं म्हणून सविस्तर लिहितोय.

काम एकदम साधं. होडीच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, मग हळूहळू वर ओढत परत दिसली की दुसरी खूण, दोन्हींची सरासरी म्हणजे पाणी किती नितळ त्याचा आकडा. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशाच तबकड्या सोडून मोजमापं घेतली, तेव्हापासून पद्धत जवळपास तीच. बॅटरी नाही, कॅलिब्रेशन नाही, आठवीची पोरं पहिल्याच दिवशी शिकली.

तक्रार दोन गोष्टींची. खालचं वजन फारच हलकं, उरणजवळच्या करंजा बंदरात ओहोटी जोरात असली की डिस्क सरळ खाली न जाता वाहत जाते, दोरी तिरकी झाली की आकडा उगाच वाढतो. शेवटी नाखवांनी जाळ्याचं शिसं बांधून दिलं तेव्हा कुठे सरळ उतरायला लागली. दुसरं म्हणजे दोरी भिजली की ताणते, टेप लावून मोजली तर १० मीटरला जवळपास ३० सेंटिमीटर जास्त भरली! विक्रेत्याला मेल केला, उत्तर नाही. खुणा आम्ही नेलपॉलिशने नव्याने केल्या, त्या अजून टिकल्यात.

पण हिने जे दाखवलं त्यासाठी मी पुन्हा पैसे देईन. करंजाला उधाणाच्या दिवशी (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटी सगळ्यात मोठी असते तेव्हा), ओहोटी भरात असताना, आकडा आला २५ सेंटिमीटर. त्याच धक्क्यावर भांगाच्या दिवशी (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी सगळ्यात लहान असते तेव्हा), भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं तेव्हा ७०. एका मुलीने विचारलं, सर एवढा गाळ गेला कुठे? मला हा प्रश्न इतका आवडला की पुढचे दोन तास त्यावरच गेले.

गाळ खाली बसला होता. बारीक रेतीचा ०.१ मिलिमीटरचा कण शांत पाण्यात दोनेक मिनिटांत एक मीटर खाली जातो, पण चिकणमातीचा २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकटा कण तेवढंच अंतर जायला तीन दिवसांहून जास्त घेतो, कारण व्यास निम्मा झाला की वेग चौथाई होतो. मग तासाभरात पाणी निवळतं कसं? मिठामुळे. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना ढकलत राहतात, खाऱ्या पाण्यात तो जोर कमी पडतो, कण चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके पटापट बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवायची, साधारण तोच प्रकार. आम्ही दोन बरण्यांत सारखीच माती कालवली, एकीत मीठ टाकलं, दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी नितळ आणि दुसरी अजून चहासारखी.

आणि बसलेला गाळ बसून राहत नाही हे महत्त्वाचं, पाणी वाहायला लागलं की तळावरचा ताजा थर परत उठतो. अंबा, पाताळगंगा या नद्यांचा गाळ करंजाशेजारच्या धरमतरच्या खाडीतून असाच वरखाली होत असतो. बंदराचे खोदलेले चॅनल पुन्हा पुन्हा का उपसावे लागतात तेही पोरांना इथेच कळलं, तिथे खोली जास्त म्हणून प्रवाह मंदावतो आणि गाळ तिथेच उतरतो.

डिसेंबरात सहलीला मालवणला नेली, किल्ल्याजवळ साडेचार मीटर! पोरं ओरडलीच. तिकडे किनारा रेतीचा, भरती-ओहोटीचा फरकही मुंबईपेक्षा कमी.

एक लक्षात ठेवा, ही डिस्क गाळ आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांत फरक करत नाही, पाणी हिरवट असेल तर आकडा त्यामुळेही कमी येतो. म्हणून आम्ही वहीत रंग, तिथी आणि भरतीची वेळ पण लिहितो. घेणार असाल तर निदान किलोभर शिसं आणि न ताणणारी दोरी आधीच आणून ठेवा, आणि डोळ्यांवरचा गॉगल काढून बघा.