यामाहा एजी०३: घरच्या रेकॉर्डिंगसाठी मिक्सर घेताना हा एक स्विच बघाच

घरी माइक आणि मिक्सर कॉम्प्युटरला जोडणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पहिला ट्रॅक नीट होतो, पण दुसरा करायला घेतला की त्यात पहिलाही पुन्हा उमटतो. स्वस्तातल्या अनेक यूएसबी मिक्सरची रचनाच याला कारण आहे. मेन मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या चॅनेलच्या एकत्रित आवाजात, जे काही आहे ते सगळं कॉम्प्युटरकडे जातं, आणि कॉम्प्युटरचा आवाज परत त्याच मेन मिक्समध्ये येतो. मग तानपुरा, आधी वाजवलेली पेटी आणि आता गायलेला आवाज एकाच फाइलमध्ये चिकटून बसतात. ते नंतर स्वच्छ वेगळे करणं अवघड जातं.

यामाहाचा एजी०३ हा २०१५ सालचा छोटा मिक्सर अजूनही विचारात घ्यावा तो याच कारणासाठी. त्याच्यावर 'टू पीसी' नावाचा तीन स्थानांचा स्विच आहे. कॉम्प्युटरकडे काय पाठवायचं ते त्यावरून ठरतं, आणि कानात काय ऐकायचं ते त्याच्यापासून वेगळं राहतं.

'ड्राय सीएच १-२जी' या स्थानावर फक्त पहिल्या चॅनेलचा माइक आणि दुसऱ्या चॅनेलचं वाद्य जातं, तेही कॉम्प्रेसर (आवाजातले चढ-उतार आवळणारा), ईक्यू (जाड-बारीकपणा बदलणारा) आणि इफेक्ट लागण्याच्या आधीचं. माइक डावीकडे, वाद्य उजवीकडे. गाणाऱ्यांनी हेच स्थान पकडून ठेवावं. फोनवरचं तानपुऱ्याचं ॲप ३.५ मिमीच्या ऑक्स इनपुटला लावा, इफेक्टचं बटण दाबून कानात थोडी रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, घ्या. गायला सूर मिळतो, कोरड्या खोलीत गाण्याचा अवघडलेपणा जातो आणि फाइलमध्ये मात्र निव्वळ आवाज येतो. या किमतीच्या वर्गात ही सोय सहज मिळत नाही.

याच स्थानाची एक नेहमीची गफलत अशी, की आवाज एकाच कानात येतो आणि लोक केबल बदलत बसतात. मिक्सर बिघडलेला नसतो. सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅक उघडलेला असतो. मोनो ट्रॅक घ्या, इनपुट १ निवडा, काम झालं. ओबीएस या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये त्या स्रोतासमोर 'मोनो'वर टिचकी मारा.

'इनपुट मिक्स'मध्ये सगळे इनपुट फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) आणि इफेक्टसकट एकत्र जातात. ऑनलाइन क्लास, मीटिंग यांना ठीक. रेकॉर्डिंगला वापरायचं असेल तर तानपुरा ऑक्सला लावू नका, कॉम्प्युटरवरूनच वाजवा. कॉम्प्युटरचा आवाज या स्थानावर परत रेकॉर्ड होत नाही. 'लूपबॅक'मध्ये मात्र तोही मिसळतो. लाइव्ह कार्यक्रमात पार्श्वसंगीत ऐकवायला ते हवंच, पण डीएडब्ल्यूमध्ये (कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) मॉनिटरिंग, म्हणजे येणारा आवाज लगेच परत ऐकवणं, चालू ठेवून लूपबॅक लावलं तर आवाज गोल गोल फिरत शिट्टी मारायला लागतो. हेडफोन कानावर असताना हे कानाला धोक्याचं आहे.

जोडणीचा क्रम साधा आहे, पण तो पाळायला हवा. विंडोजवर आधी यामाहा स्टाइनबर्ग यूएसबी ड्रायव्हर टाका, केबल नंतर लावा. केबल थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये हवी. मिक्सरची वीज यूएसबीवरूनच येते, त्यामुळे पेनड्राइव्ह, माऊस आणि हार्ड डिस्क लटकवलेल्या स्वस्त हबवर आवाज तुटतो, कधी मिक्सरच गायब होतो. डीएडब्ल्यूमध्ये यामाहाचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे कमी उशिराने आवाज नेणारा ड्रायव्हर, निवडा. एएसआयओ४ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकायची गरज नाही. विंडोजचा सॅम्पल रेट आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट सारखाच ठेवा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. हार्डवेअर १९२ पर्यंत जातं, पण बोलण्या-गाण्यासाठी त्याचा उपयोग फाइल फुगवण्यापलीकडे नाही. २४ बिट मात्र ठेवाच. मिक्सर दिसतो, लेव्हल हलते, तरी सॉफ्टवेअरमध्ये शांतता असेल, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का ते पाहा.

ऑडॅसिटी हे फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये एएसआयओ नसतो, म्हणून होस्टमध्ये वासापी ही विंडोजची स्वतःची ऑडिओ पद्धत निवडा. दुसरा ट्रॅक पहिल्याच्या मागे-पुढे पडला तर प्राधान्यांमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन, म्हणजे उशिराची भरपाई, बदलावं लागतं. तिथला मूळ आकडा उणे १३० मिलिसेकंद असतो आणि तो प्रत्येक यंत्राला जुळत नाही. मेट्रोनोमचा ठोका वाजवून तोच माइकवर रेकॉर्ड करा, फरक मोजा आणि तेवढा आकडा दुरुस्त करा.

स्वतःचा आवाज मिक्सरमधूनच थेट ऐका, त्याला उशीर लागत नाही. डीएडब्ल्यूमधलं ट्रॅक मॉनिटरिंग त्या वेळी बंद हवं. नाहीतर तोच आवाज दोनदा येतो आणि पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखं वाटतं. बरेच जण याला मिक्सरचा दोष समजतात.

आता माइक. पहिल्या चॅनेलला एक्सएलआर माइक लागतो आणि ४८ व्होल्ट फॅन्टम, म्हणजे केबलवरूनच माइकला जाणारी वीजही, तिथेच मिळतं. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० सारख्या कंडेन्सरला ते लागतंच. आधी माइक जोडा, गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) शून्यावर आणा, स्पीकर म्यूट करा आणि मग फॅन्टमचं बटण दाबा; बंद करतानाही तेच. शुअर एसएम५८ ला फॅन्टमची गरज नाही. तो ओठांपासून चार बोटांवर धरला की गेन पुरतो. शुअरचाच एसएम७बी घ्यायच्या विचारात असाल तर थांबून विचार करा. त्याला शुअरच्याच सांगण्यानुसार किमान ६० डेसिबल गेन लागतो. एजी०३ वर बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि तिथे सरसर ऐकू येते. मध्ये क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर लावता येतो, पण मग एकूण खर्च कुठे जातो ते पाहा. साध्या घरच्या खोलीत एसएम५८ जास्त समाधान देतो, कारण कंडेन्सरपेक्षा तो पंखा आणि रस्त्याचा आवाज कमी उचलतो.

गेन लावताना सर्वांत वरच्या पट्टीतली, सर्वांत मोठ्या आवाजाची ओळ गा. लाल पीक दिवा लागता कामा नये आणि डीएडब्ल्यूमध्ये उच्चांक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मीटर वरपर्यंत भरायची सवय टेपच्या काळातली आहे, २४ बिटमध्ये तिचं काही कारण उरत नाही. ढोलकी किंवा तबला कंडेन्सरने जवळून घ्यायचा असेल तर आत येणारा आवाज कमी करणारा २६ डेसिबलचा पॅड दाबा. पॅड न दाबता नुसता फेडर खाली ओढला तर फाटलेला आवाज फक्त हळू होतो, फाटलेलाच राहतो.

घूं घूं आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर माइक निर्दोष, दोष अर्थिंगचा. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर घ्या आणि स्पीकरला आरसीएऐवजी बॅलन्स्ड (बाहेरचा गुणगुणाट दाबणारी) टीआरएस केबल लावा. अर्थची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. किरकिरणारा बारीक आवाज येत असेल तर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर संशय घ्या. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद केला की तो जातो. माइकला साडेसहा मिमी पिनची, कराओके सेटबरोबर येते तसली केबल असेल तर ती आधी बदला. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल एवढ्या एका बदलाने अर्धा गुणगुणाट थांबवते.

उणिवाही आहेत. एक्सएलआर माइक एकच. गायक आणि पेटीवाला वेगळ्या माइकवर हवे असतील तर याच मालिकेतला एजी०६ घ्या. त्यात दोन माइक बसतात आणि ड्राय स्थानावर दोघे दोन स्वतंत्र ट्रॅकमध्ये उतरतात. तबला धरून तिघे वेगळे हवे असतील तर ही मालिकाच तुमच्या उपयोगाची नाही, कारण कॉम्प्युटरकडे जाणारे मार्ग दोनच आहेत. त्या कामाला चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्यावा. कीबोर्ड दुसऱ्या चॅनेलला लावताना गिटारचं बटण न दाबलेलं असू द्या, नाहीतर आवाज फाटतो. आणि मॉनिटर म्यूट फक्त स्पीकर बंद करतं, हेडफोन चालूच राहतो. माइक उघडा असताना स्पीकर बंद ठेवायला हेच बटण कामी येतं.

२०२२ मध्ये याची एमके२ आवृत्ती आली, तिला यूएसबी-सी पोर्ट आणि माइक म्यूटचं बटण आहे. नवीनच घेणार असाल तर ती घ्या. लाइव्ह बोलणाऱ्याला खोकला आला की म्यूट बटणाची किंमत कळते. फक्त रेकॉर्डिंग करायचं असेल तर जुना एजी०३ वापरलेला घेतला तरी कमी पडत नाही. घेताना पहिल्या चॅनेलचा फेडर वर-खाली करून खरखर येते का ते ऐका, कंडेन्सर लावून फॅन्टम तपासा, आणि यूएसबी केबल जोडून पोर्टपाशी हलकेच हलवून पाहा. जोड सैल असेल तर मिक्सर तिथेच बंद पडून दाखवेल. सोबत मिळणाऱ्या क्युबेस एआय या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा कोड आधीच्या मालकाने वापरलेला असण्याची शक्यता धरूनच भाव ठरवा.