चपलांच्या दुकानाची वेबसाईट करून घेतली, वर्षभर वापरून सांगतेय

आमचं निपाणीत कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, मागं घरातच काम चालतं. मामंजी आणि दीर तळ कापतात, शिवतात, आत्या आणि मी वेण्या वळतो, पट्ट्यांना भोकं पाडतो. वेबसाईट बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या ऑफिसकडून करून घेतली, दोनच पोरं आहेत तिथं, एक मराठी बोलणारा एक कन्नड. नाव इथं देत नाही, पाहिजे त्यांनी मला विचारा.

आधी दुसऱ्या एकाकडून केली होती वेबसाईट. दिसायला भारी, पण त्यावर फोटो सगळे नेटवरचे, गोऱ्या बाईच्या पायात कुठलीतरी सँडल, आणि पहिल्याच पानावर "१०,००० समाधानी ग्राहक" असं ठोकून दिलेलं. दहा हजार कुठले वो, मामंजींनी उभ्या जन्मात हातानं किती जोड केले असतील ते तेच जाणोत, पण दहा हजार गिऱ्हाईक आमच्याकडं ऑनलाईन कधीच नव्हतं. सहा महिन्यांत चार ऑर्डरी आल्या, त्यातल्या दोन नात्यातल्या. पुण्याच्या एका बाईंचा फोन आला, म्हणाल्या, "ताई, पैसे भरले तर चप्पल येईल ना? खरंच दुकान आहे ना तुमचं?" तो प्रश्न माझ्या फार जिव्हारी लागला. आमच्या दारात तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक येतंय आणि वेबसाईटवर आम्ही चोर वाटतोय.

मग ही टिळकवाडीची पोरं आली. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही त्यांनी, अर्धा दिवस नुसती दुकानात बसली. मामंजींना विचारलं, गिऱ्हाईक आत आल्यावर पहिलं काय करतं? मामंजी म्हणाले, "चप्पल उचलतंय, उलटी करून तळ बघतंय, वाकवतंय, नाकाला लावतंय, मग भाव विचारतंय." झालं, त्या एका वाक्यावर त्यांनी सगळी वेबसाईट उभी केली. प्रत्येक जोडाचा उलटा फोटो आहे, तळाच्या कडेचा जवळून फोटो आहे ज्यात चामड्याचे थर मोजता येतात, आणि दीर दोन्ही हातांनी चप्पल वाकवून दाखवतोय असा छोटा व्हिडिओ आहे. वास काय दाखवता येत नाही, म्हणून तिथं लिहिलंय की चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं आहे, नवीन असताना वास येणार, थोडे दिवस वापरली की कमी होतो, आणि दोन जोडांचा रंग तंतोतंत एक नसतो. फोटोसुद्धा दुकानाबाहेर उन्हात काढलेत, त्यामुळं हातात आलेली चप्पल आणि मोबाईलवरची चप्पल यात फरक पडत नाही, आणि "फोटोत वेगळी होती" म्हणून परत येणारा माल जवळजवळ थांबला.

मापाचं पण तसंच. कोऱ्या कागदावर पाय ठेवा, पेन्सिल उभी धरून भोवतीनं आखा, बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवा. नंबर विचारण्यापेक्षा हे लाखपटीनं बरं, कारण कोल्हापुरीचा सहा आणि बुटाचा सहा एक नसतो, आणि चवडा रुंद असला तर नंबर सांगून उपयोगच नाही.

आमच्या भागातल्या दुकानदारांनी एक गोष्ट मुद्दाम वाचावी. लोक पत्ता बघून विचारायचे, कोल्हापुरी चप्पल आणि पत्ता कर्नाटकातला, म्हणजे डुप्लिकेट का? २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून मिळालंय, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. अथणी, निपाणी भागात हे काम पिढ्यान् पिढ्या चालतंय. हे वेबसाईटवर नीट लिहिल्यावर तो प्रश्नच बंद झाला. मी म्हटलं होतं जीआयचा शिक्का पण टाका की, तर पोरांनी विचारलं, अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालीय का? झाली नव्हती. मग नाही टाकला, आधी अर्ज करा म्हणाले. त्या वेळी राग आला मला, पण गिऱ्हाईकाला खोटं दाखवायचं नाही हे त्यांचं बरोबर होतं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दिसल्या आणि एवढा गाजावाजा झाला, तेव्हा फोनवर फोन यायला लागले, आणि प्रत्येकजण पहिलं हेच विचारायचा की तुमची खरी का. त्या महिन्यात हे पान लई उपयोगी पडलं.

पत्ता, फोन, जीएसटी नंबर, परतीचा नियम, तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव, सगळं पहिल्या पानाच्या खालीच आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार यातलं बरंच द्यावंच लागतं, तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची, हे मला या पोरांकडूनच कळलं. मराठी पानावर बेळगाव लिहिलंय, कन्नड पानावर बेळगावी, बिलावर सरकारी नाव. कन्नड पान झाल्यावर हुबळी-धारवाडचे लोक बिनधास्त ऑर्डर द्यायला लागले.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची की नाही यावर घरात भांडणं झाली, पार्सल घेतलं नाही तर जायचा-यायचा कुरिअर खर्च आमच्या बोकांडी. शेवटी ठेवली, पण पाठवायच्या आधी एक फोन करायचा असं ठरलं, मराठी लोकांना मी करते, कन्नड लोकांना दीर. दोन मिनिटांचं बोलणं, माप परत विचारायचं, पार्सल कधी निघणार सांगायचं. त्यातले बरेच जण फोनवरच म्हणतात राहू द्या, आत्ताच यूपीआय करतो.

आणि रिव्ह्यू. सांगलीच्या एकानं लिहिलं की अंगठ्यापाशी घासून फोड आला, पैसे वाया. माझा हात डिलीटवरच गेला होता. पोरं म्हणाली ठेवा, खाली उत्तर द्या. मामंजींनी सांगितलं तसं मी टाईप केलं, पट्ट्याला आतून तेल लावा, पहिले दोन-तीन दिवस घरातच घाला, तरी घासली तर परत पाठवा, अंगठा सैल करून देतो, खर्च आमचा. त्यांनी पाठवली, आम्ही करून दिली, मग त्यांनीच खाली लिहिलं आता बरी बसते. आजपण लोक फोनवर तोच रिव्ह्यू वाचला म्हणून सांगतात, पाच स्टारवाल्यांचं कुणी नाव काढत नाही.

आता त्यांच्या चुका. ऐन लग्नसराईत एका रविवारी वेबसाईट उघडली की ब्राउझर "सुरक्षित नाही" दाखवायला लागला. वेबसाईटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट फुकटवालं होतं, ९० दिवसांनी आपोआप नवीन व्हायला पाहिजे ते झालंच नाही, आणि या दोघांचा फोन संध्याकाळपर्यंत बंद. तीन गिऱ्हाइकांनी स्क्रीनशॉट पाठवले, एकानं ऑर्डर रद्द केली. त्या सर्टिफिकेटचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत माहिती कुणी वाचू शकत नाही, दुकानदार प्रामाणिक आहे असा नाही, पण गिऱ्हाईक लाल अक्षर बघून घाबरणारच की. त्यांनी माफी मागितली, त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत, पण रविवारी फोन उचलायला एक माणूस ठेवा हे मी अजून सांगतेय. सुरुवातीला फोटो पण एवढे जड होते की गावाकडं नेटवर उघडायचेच नाहीत. कन्नड मजकुरात चुका होत्या, शेजारच्या अक्कांनी वाचून दाखवल्या म्हणून कळल्या.

पाचपैकी चार देते. आता दिवसाआड एक तरी ऑर्डर असते, सणाला जास्त. गेल्या आठवड्यात हुबळीच्या एका पोरानं आजोबांसाठी मागवली, पाय आखलेला कागद फोटो न काढता सरळ पोस्टानं पाठवला, त्यावर कन्नडमध्ये लिहिलं होतं, डाव्या करंगळीपाशी गाठ आहे, तिथं जरा सैल सोडा. मामंजी तो कागद समोर ठेवून पट्टा बसवत होते.