चकमकीची बातमी कुठल्या मापाने मोजावी?

चकमकीची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात दोन गट पडतात. 'बरं झालं' म्हणणारे आणि 'बनाव आहे' म्हणणारे. गंमत अशी की दोन्ही गट बहुतेक वेळा एकच गोष्ट तोलत असतात: मेलेला माणूस किती वाईट होता. ज्याला यातलं आपलं मत नीट ठरवायचं आहे, त्याने आधी माप निवडावं. मापं तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या देशांत खरोखर वापरली जातात.

पहिलं माप गुन्ह्याचं. ते आपल्याच कायद्यात आहे. अटकेला कोणी विरोध केला किंवा पळू लागला, तर पोलीस आवश्यक ते सगळे उपाय वापरू शकतात. मात्र ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क यातून मिळत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 46 होतं, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते 43 झालं. वरवर पाहता हे शहाणपणाचं वाटतं. पण शिक्षांचा तक्ता उघडून बघा. सरकारी पैशाचा अपहार करणारा कारकून किंवा ठेवी गिळणारा बँकवाला जन्मठेपेच्या रकान्यात बसतो, मौल्यवान दस्तऐवजाची बनावट करणाराही तिथेच. रात्री घर फोडून चोरी करणारा मात्र जास्तीत जास्त चौदा वर्षांच्या. म्हणजे चाकू घेऊन घरात शिरलेल्या चोरट्याला कलमाचं संरक्षण आहे आणि फाईल बगलेत मारून पळणाऱ्या लेखनिकाला नाही! न्यायालय असा अर्थ लावू देणार नाही, कारण 'आवश्यक' हा शब्द आडवा येतो. पण आरोप किती मोठा यावरून त्या घडीला धोका किती होता हे कळत नाही, एवढं यातून दिसतं.

दुसरं माप धोक्याचं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस, 1974. पंधरा वर्षांचा एडवर्ड गार्नर एका घरातून दहा डॉलर आणि एक पर्स घेऊन पळत होता. पोलिसाने टॉर्चच्या उजेडात त्याचे हात पाहिले. हत्यार नसावं याची त्याला बऱ्यापैकी खात्री होती. मुलगा कुंपणावर चढू लागला तेव्हा गोळी त्याच्या डोक्यात मागून शिरली. टेनेसीच्या कायद्याला ते चालत होतं. 1985 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नुसतं पळणं पुरेसं नाही. पळणाऱ्यापासून पोलिसाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं, आणि शक्य असेल तर आधी इशाराही द्यायला हवा. चार वर्षांनी त्याच न्यायालयाने आणखी एक पाचर मारली: बळाचा वापर जागेवरच्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहावा, नंतर आलेल्या शहाणपणातून नव्हे.

आपल्याकडे हे माप स्वसंरक्षणाच्या हक्कातून येतं, न्याय संहितेची कलमं 34 ते 44. हा हक्क तुम्हालाही आहे आणि मलाही. पोलिसाला इथे वेगळी सवलत नाही, आणि बचावापुरतं लागेल त्याहून जास्त नुकसान करण्याची मुभा कोणालाच नाही.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण गिरगाव चौपाटीचं. 26 नोव्हेंबर 2008 ची मध्यरात्र उलटलेली. मुंबईवर हल्ला करणारा कसाबचा साथीदार अबू इस्माईल पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, आणि त्यावर कुठल्याही मापाने आक्षेप घेता येत नाही. तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल घट्ट धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि बाकीच्यांनी त्याला जेरबंद केलं. आता विचार करा. गुन्हा तोच, माणूस तोच, पण हत्यार सुटून तो ताब्यात आल्यावर त्याच्यावर गोळी झाडण्याचं कारण संपलं. गुन्ह्याचं माप हा फरक दाखवू शकत नाही, धोक्याचं दाखवतं.

मग तिसरं माप, कारवाईच्या आखणीचं, ते कशाला? कारण धोका कधीकधी आपणच तयार केलेला असतो. 6 मार्च 1988 ला स्पेनलगतच्या ब्रिटिश ताब्यातल्या जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश कमांडोंनी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तिघांना ठार केलं. तिघांकडेही हत्यार नव्हतं, बॉम्बचं बटणही नव्हतं. 1995 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सैनिकांना दोष दिला नाही. हे तिघे दुरून बटण दाबून बॉम्ब उडवतील असं त्यांना सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मानलं. दोष कारवाई आखणाऱ्यांवर आला: सीमेवरच का अडवलं नाही, अर्धवट माहिती खात्रीची म्हणून का दिली? निकाल दहा विरुद्ध नऊ. एका मताचा फरक, यावरून हे माप किती वादाचं आहे ते कळतं. मे 2025 मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालयही या दिशेला थोडं सरकलं. फक्त गोळीचा क्षण नको, आधीचा घटनाक्रमही पाहा, असं त्याने एकमताने सांगितलं.

आता बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला, पोलिसांच्या ताब्यात मेलेला आरोपी घ्या. पोलिसांचं म्हणणं असं, की व्हॅनमध्ये त्याने पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणात गोळी घातली. गुन्ह्याचं माप इथे गैरलागूच, कारण गोळीचं कारण म्हणून पलायन सांगितलेलं नाही. धोक्याचं माप विचारेल, त्या क्षणी त्याच्या हातात पिस्तूल होतं का? तिसरं विचारेल, एवढे पोलीस असताना ते त्याच्या हाती गेलंच कसं? मुंबई उच्च न्यायालयाने पहिल्याच सुनावणीत या तिसऱ्या वळणाचे प्रश्न विचारले. ('पायावर का नाही मारली' हाही विचारला. दाटीच्या व्हॅनमध्ये पायाचा नेम धरणं बोलायला सोपं आहे, या प्रश्नावर मी फारसं वजन टाकत नाही.) प्रकरण कुठे जाऊन थांबेल ते न्यायालय पाहील.

माझी निवड तिसऱ्या मापाची, पण अट घालून. रस्त्यावर अचानक गोळीबार सुरू झाला, तर शिपायाला आधीच्या तासाभराचा हिशेब मागू नये, तिथे दुसरं माप पुरे. पण माणूस आधीच ताब्यात असेल, वेळ, जागा, बंदोबस्त सगळं पोलिसांनी ठरवलं असेल, तर हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा. हैदराबादच्या 2019 च्या चकमकीत ताब्यातले चार आरोपी मारले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने नेमकं तेच केलं, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली.

बातमी वाचताना आणखी एक गोष्ट बघा. 1995 ते 1997 या काळात मुंबईत 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मेली. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 16 सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, शंका फिटेपर्यंत पदक किंवा बढती देऊ नका. तो निकाल 23 सप्टेंबर 2014 चा. बदलापूरच्या आरोपीला व्हॅनमध्ये गोळी लागली ती बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबरलाच.