हायब्रीड टर्बोचा अनुभव, आणि नऊशे रुपयांचा ऑइल पाइप

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, बदलला म्हटलं की सगळे विचारतात, व्हील (त्यातलं पात्यांचं चाक) किती एमएमचं, बूस्ट (हवेचा दाब) किती, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) केला का. ऑइल पाइप नवा टाकला का, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून तेच आधी लिहितो. टर्बो कंपनीचा घ्या, रिकंडिशन्ड घ्या की हायब्रीड (मूळच्याच टर्बोत मोठं व्हील बसवलेला) घ्या, पण ऑइलचा फीड पाइप आणि त्याचा बँजो बोल्ट (ऑइल जाण्यासाठी आतून पोकळ असलेला) नवा टाकल्याशिवाय मिस्त्रीला गाडी स्टार्ट करू देऊ नका. मला हायब्रीडच्या अठ्ठावीस हजारांच्या किटमध्ये हा पाइप मिळाला नाही. वॉरंटी कार्डावर मात्र ‘पाइप जुना असल्यास वॉरंटी लागू नाही’ असं छापलं होतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाडी माझी माल वाहणारी, इंजिन अडीच लिटरचं डिझेल, कॉमन रेल, बीएस-4, साधा वेस्टगेटवाला (बूस्ट वाढला की धूर बाजूने सोडणारी झडप असलेला) टर्बो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून भाजी घेऊन तळकोकणात उतरायचं आणि उन्हाळ्यात परतीला देवगडचा हापूस भरून फोंडा घाट चढायचा, हे तिचं काम. जुना टर्बो गेला तो या घाटातच. निळा धूर, ताकद गायब, इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढला तर आतून ऑइल गळतंय. व्हील हाताने हलवलं तर खडखड वाजत होतं, कडा हाउसिंगला घासून चकाकत होत्या.

पुढे निवडीचा प्रश्न. कंपनीचा नवा टर्बो मला चाळीस हजारांच्या आसपास सांगितला. फक्त कोअर, म्हणजे मधला भाग, बारा हजारांत होत होता. एकाने मोठ्या गाडीचा टर्बो ॲडॉप्टर लावून बसवून देतो म्हणाला, ते तिथेच सोडून दिलं. मोठ्या टर्बोला फिरवायला तेवढा एक्झॉस्ट लागतो. अमेरिकन रॅम पिकअपचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं भुलतात, पण तिथे बॉनेटखाली 6.7 लिटरचं कमिन्स इंजिन असतं. आपण घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर 1,500 ते 2,500 आरपीएममध्ये रांगतो. तिथे मोठी टर्बाइन फिरायलाच मागत नाही. मग बूस्ट नाही, डिझेल मात्र जातंय, काळा धूर आणि मागच्या एसटीचा हॉर्न. व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलवून बूस्ट सांभाळणारा टर्बो, चांगला, पण ती पाती हलवायला ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) सोय लागते. आपल्या ईसीयूला ते माहीतच नाही.

म्हणून हायब्रीड. टर्बाइनची बाजू आणि एक्झॉस्ट हाउसिंग मूळचंच, फक्त हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचं व्हील जरा मोठं, त्याप्रमाणे कॉम्प्रेसर हाउसिंग आतून लेथवर टर्न केलेलं आणि थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढेमागे सरकू न देणारं) 270 ऐवजी 360 अंशांचं. बाहेरून काहीच बदलत नाही. मॅनिफोल्ड, होज, ब्रॅकेट सगळं जुनंच बसतं. वेस्टगेटच्या रॉडचे आटे थोडे फिरवून बूस्ट दोन-तीन पीएसआयने वाढवला, त्याहून जास्त नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे बूस्ट गेला की ईसीयू गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद तोडतो, आणि ते घाटात झालं तर काय होतं ते सांगायला नको.

आता पाइपचं. टर्बोचा शाफ्ट दीड लाख आरपीएमच्या वर जातो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते ऑइल आणणारा पाइप बोटापेक्षाही बारीक, आणि तो जातो लालभडक तापणाऱ्या मॅनिफोल्डच्या शेजारून. घाट चढून वर आल्या आल्या चहाला थांबून चावी बंद केली की पाइपातलं ऑइल जागेवर शिजतं. त्याचा कोळसा होतो. थरावर थर बसून भोक आकसत जातं. माझा जुना पाइप मी हेक्सॉने उभा चिरायला लावला. आत काळी, ठिसूळ, नखाने खरवडली की पापुद्रे सुटणारी काजळी होती. सायकलच्या स्पोकचं टोकही पलीकडे निघत नव्हतं. बँजो बोल्टचं भोक तर निम्मंही उरलं नव्हतं. माझा पहिला टर्बो याच पाइपाने मारला. हाच पाइप नव्या टर्बोला जोडला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता, आणि मिस्त्री तो जोडायलाच निघाला होता. "पेट्रोलने धुऊन देतो, एकदम नवा होईल," म्हणाला. कोळसा पेट्रोलने निघत नाही. नऊशे रुपये मोजून नवा आणला.

जोडताना आणखी बघा. फ्लँजला सिलिकॉन लावू देऊ नका, गॅस्केटच वापरा, कारण दाबून आत आलेला सिलिकॉनचा तुकडा ऑइलचं भोक बंद करतो. पाइप टर्बोला जोडण्याआधी त्याचं टोक बाटलीत धरून, इंजिन स्टार्ट होऊ न देता नुसता स्टार्टर मारा आणि धार बघा. मग टर्बोच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून व्हील हाताने फिरवा, पाइप जोडून पुन्हा थोडा स्टार्टर मारा, आणि त्यानंतरच गाडी चालू करा. रिटर्न पाइपही साफ हवा. तो तुंबला तर ऑइल सीलमधून बाहेर पडतं, निळा धूर येतो आणि चांगल्या टर्बोवर खापर फुटतं.

सुरुवातीचे दोन महिने मी या हायब्रीडवर नाराज होतो, आणि ज्यांनी तेव्हा विचारलं त्यांना घेऊ नका असंच सांगितलं. रिकाम्या गाडीत काहीच फरक नाही. उलट बूस्ट पूर्वीपेक्षा शंभर-दीडशे आरपीएम उशिरा येतो, शाहूपुरीच्या ट्रॅफिकमध्ये ते टोचतं. मायलेज होतं तिथेच. कोअरवर भागलं असतं तर सोळा हजार वाचले असते, हा हिशोब रोज डोक्यात चालायचा.

मत बदललं ते मे महिन्यात, आंब्याच्या पेट्यांनी भरलेली गाडी घेऊन फोंडा घाट चढताना. मी मॅनिफोल्डवर, टर्बोच्या आधी, पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) लावलेला आहे. जुन्या टर्बोवर निम्म्या घाटातच काटा 730 अंशांच्या पुढे जायचा आणि मला पाय काढावा लागायचा. आता त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, काटा 670 च्या आसपास थांबतो. आरशात काळा धूर जवळपास दिसतच नाही. दाजीपूरला पोचेपर्यंत पाय काढावा लागला नाही.

कारण सरळ आहे. डिझेल तेवढंच, हवा जास्त, म्हणजे जळण स्वच्छ आणि तापमान कमी. शिवाय जुना छोटा कॉम्प्रेसर त्याच्या कुवतीबाहेर पळत होता. तो हवा दाबण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करत होता. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. आपला पिस्टन त्याचाच, तो वाचतो तो खालून उडणाऱ्या ऑइलमुळे आणि दर फेरीला आत येणाऱ्या हवेमुळे. भर लोडवर लांबच्या चढाला साठ अंश खाली येणं म्हणजे इंजिनाचं आयुष्य. ताकद वाढावी म्हणून टर्बो बदलणाऱ्यांना हा सौदा पटणार नाही, पण माल वाहणाऱ्याला पटेल. आज मी घ्या म्हणेन, आणि पायरोमीटर नसेल तर टर्बोच्या आधी तो घ्या म्हणेन.

पावसाळ्यात भांडणाची वेळ आली. टर्बोच्या शिट्टीचा आवाज हळूहळू सायरनसारखा झाला. किट देणाऱ्याने गाडी न बघता फोनवरच निकाल दिला: "शेठ, ऑइल कमी पडलंय, वॉरंटी नाही बसत." मी पाइपचं बिल, बँजो बोल्टचं बिल आणि बसवताना काढलेला बाटलीतल्या धारेचा व्हिडिओ पुढे ठेवला, आणि टर्बो माझ्यासमोर उघडा म्हणून तिथेच बसून राहिलो. ऑइल कमी पडलं की शाफ्ट तापून निळा पडतो. माझा शाफ्ट स्वच्छ होता. व्हील मात्र एका बाजूने हाउसिंगला टेकल्याची खूण होती. म्हणजे बॅलन्सिंगच नीट नव्हतं. कोअर फुल स्पीडला मशिनवर बॅलन्स करून त्याची पावती द्यायची असते, ती मागितली तर निघेना. तासाभराने सूर बदलला. नवा कोअर फुकट मिळाला, या वेळी बॅलन्सच्या पावतीसकट. फिटिंगची मजुरी त्यांनी दिली नाही, तीन हजार माझ्या खिशातून गेले. ते अजून मागतोय. पाइपचं नऊशेचं बिल नसतं तर अठ्ठावीस हजारांवर पाणी पडलं असतं.

रिमॅपबद्दल विचारणाऱ्यांना एकच उत्तर: केला नाही आणि करणार नाही. जास्त डिझेल टाकलं की जे साठ अंश मिळवले ते परत जाणार. पीयूसीला बीएस-4 डिझेलची धुराची मर्यादा 50 हार्ट्रिज (धूर मोजायचं एकक) आहे, माझी गाडी आज आरामात त्याच्या आत बसते. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आहे, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात मूळ स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलांबद्दल काय म्हटलं तेही एकदा वाचून घ्या. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला कारण शोधायलाच बसलेला असतो. हायब्रीड बसवण्याआधीही एजंटशी बोलून घ्या. आणि रिमॅपने वाढलेला टॉर्क (ओढण्याची ताकद) शेवटी क्लच प्लेटवर जातो. माझी प्लेट बदलायला आली आहे, ती मला येत्या हंगामाआधी एकदाच बदलायची आहे.