‘लड-इन-द-मिस्ट’: पंखवाल्या पऱ्या हव्या असतील तर घेऊ नका

जूनमध्ये हे पुस्तक मागवलं तेव्हा आमच्या वाचनगटात दोन तट होते. आता डिसेंबर लागलाय, पुस्तक सात जणांच्या हातून फिरून आलंय, माझं दोनदा वाचून झालंय आणि तट चार झालेत. कुणाला घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

होप मिर्लीस या बाईंची ही १९२६ सालची इंग्रजी कादंबरी. त्यांच्या तीन कादंबऱ्यांपैकी शेवटची, आणि अद्भुताची अशी ही एकटीच. पुढचा भाग नाही, मालिका नाही. पाच-पाच खंड घ्यायला लावणाऱ्यांच्या या दिवसांत मला आधी हेच आवडलं. १९७० मध्ये अमेरिकेत ती पेपरबॅकमध्ये पुन्हा निघाली, तीही बाईंना न विचारता. बाई तेव्हा हयात होत्या, पुढे १९७८ पर्यंत होत्या!

डोरिमेअर नावाच्या चिमुकल्या देशाची राजधानी लड. डॅपल आणि डॉल या नद्यांच्या संगमावर वसलेली, व्यापाऱ्यांची, खाऊनपिऊन सुखी आणि स्वतःवर भलतीच खूश. (मुळा-मुठेच्या संगमाशेजारी राहून आपण यावर काय बोलणार.) या व्यापाऱ्यांनी फार पूर्वी आपल्या ड्यूक ऑब्रीला हाकललं आणि त्याच्याबरोबर शेजारच्या परीराज्याचं नावही टाकलं. तिकडचा विषय चारचौघांत काढायचा नाही, आणि कुणाला ‘परीच्या पोटचा’ म्हणणं म्हणजे तर शिवीच. तरी तिकडची फळं चोरून येतातच. खाणारा नाचत सुटतो, नसतं काही पाहतो, उदास होऊन बसतो. महापौर नथॅनिएल चँटिक्लिअर यांच्या मुलानंच ते फळ खाल्लंय असं उघडकीस येतं, आणि तिथून एका जुन्या खुनाचा माग सुरू होतो.

पहिली तक्रार माझ्या भाच्याची. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जाडजूड फँटसी चहाबरोबर खारी खावी तशी संपवतो. “मावशी, परी येते कधी?” असं तो रोज विचारायचा. साठाव्या पानावर त्यानं पुस्तक ठेवलं. जादूचे नियम नाहीत, लढाई नाही, म्हातारे गृहस्थ नुसते चीजच्या चवीवर बोलतायत. त्याचं सगळंच चूक नाही. सुरुवात संथ आहे आणि इंग्रजी जुन्या वळणाचं, शब्दकोश जवळ लागतोच.

पण तिथेच, सुरुवातीच्या पानांत, एक कलम आहे ज्यावर आमचे काका लोटपोट झाले. काकांची उभी नोकरी जकात नाक्यावर गेली. लडच्या कायद्याला परीफळ हा शब्दच लिहिता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी परीराज्य अस्तित्वातच नाही. मग चोरटी फळं पकडली की खटला चालतो रेशमी कापडाचा! सगळ्यांना माहीत की टोपलीत फळं आहेत, कागदावर मात्र रेशीम. काकांनी ते पान दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “या बाईंनी नाक्यावर ड्युटी केलेली दिसतेय.” महापौरांच्या वडिलांनी तर कायदा आणि परीमाया ही एकाच जातीची चीज कशी, यावर ग्रंथच लिहिलाय. काकांचे पाचपैकी पाच.

आमचा सगळ्यात मोठा वाद ‘परी’ या शब्दावरच झाला. आपल्याकडे परी म्हटलं की गॅदरिंगमधली चंदेरी फ्रॉकवाली मुलगी समोर येते. मुळशीकडचं माहेर असलेल्या आमच्या काकू ऐकता ऐकता एकदम म्हणाल्या, “अगं, ह्या पऱ्या नव्हेत. ह्या आसरा.” लहानपणी त्यांना भर दुपारी डोहावर जाऊ देत नसत. कुणी पोर तिथून आल्यावर गप्प गप्प राहिली की घरात कुजबुज व्हायची, आसरांनी धरलं. मग काठावर नैवेद्य, हिरव्या बांगड्या. काकूंनी हे सांगितल्यावर डॅपल नदीचं पाणी परीराज्यातून येतं या एका वाक्याचा काटाच आला अंगावर. भाच्यालाही पुस्तक पुन्हा उचलावंसं वाटलं ते त्यानंतर.

माझी स्वतःची तक्रार वेगळी. शाळेतल्या मुलींचा अख्खा वर्ग नाचत शहराबाहेर निघून जातो, त्यात महापौरांची मुलगीही असते. पण बापाचा जीव अडकलेला असतो मुलात. मुलींचं प्रकरण विनोदाच्या अंगानं येतं आणि तसंच राहतं. आमच्या गटातल्या चारही बायकांना हे खटकलं, पुरुषांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता दुसऱ्या वाचनाबद्दल. तरुणपणी नथॅनिएल माळ्यावरच्या अडगळीतलं एक जुनं तंतुवाद्य सहज छेडतो आणि त्यातून निघालेला एकच सूर त्याला जन्मभर पुरतो. तेव्हापासून हातात असलेली वस्तूसुद्धा हरवल्यासारखी त्याला तिची हुरहुर लागते. जूनमध्ये मी हे पान उलटून पुढे गेले होते. ऑक्टोबरमध्ये आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. सामान बांधताना स्वयंपाकघराच्या कट्ट्याचा टवका उडालेला कोपरा, जिथे आई नारळ फोडायची, त्यावर हात ठेवून मी उभी राहिले. टेम्पोवाला खालून हाका मारत होता. त्या रात्री भाड्याच्या घरात, खोक्यांमध्ये बसून ते पान पुन्हा काढलं.

प्रतीबद्दल: छपाई बारीक, चाळिशीच्या पुढच्यांनी दिव्याखाली बसावं. ऑगस्टच्या दमट हवेत गोंद सुटून पहिली चाळीस पानं हातात आली (भाचा म्हणाला, तीच नको होती). फेव्हिकॉल लावून, वर पाटा ठेवून बसवलीत. माझे साडेचार. आणि एक, प्रस्तावना शेवटी वाचा. माझ्या प्रतीत खुनी कोण ते तिसऱ्याच पानावर सांगून टाकलंय.