एसजेएल/जे उंदीर: मायलिनच्या दीर्घ अभ्यासासाठी उत्तम, नजरेच्या चाचण्यांसाठी निरुपयोगी

विषाणूच्या संसर्गानंतर मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण कसे झडत जाते, हे महिनोन्‌महिने पाहायचे असेल तर प्रयोगासाठी उंदीर पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीचा एसजेएल/जे जातीचा उंदीर घ्यावा. साठा क्रमांक ०००६८६.

थायलरचा विषाणू (उंदरांच्या मज्जासंस्थेला होणाऱ्या संसर्गाचा विषाणू) मेंदूत टोचला की सी५७बीएल/६ जातीचा उंदीर तो पार साफ करतो. एसजेएलला ते जमत नाही, आणि त्याची सगळी किंमत याच उणिवेत आहे. हा फरक बऱ्याच अंशी एच-२ या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकसमूहातून येतो. पहिले साधारण दोन आठवडे विषाणू करड्या भागातल्या चेतापेशींत असतो. लक्षणे तेव्हा सौम्य असतात, कधी दिसतही नाहीत. मग तो मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागात जाऊन मॅक्रोफेज व मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींत आणि मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत ठाण मांडतो. महिनाभराने उंदीर डुलत चालू लागतो, मागचे पाय ताठरतात, पुढे लघवीवरचा ताबा जातो. सुरुवातीला सीडी४ टी-पेशींचा (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा) रोख विषाणूवर असतो. ५०-६० दिवसांच्या सुमारास त्या स्वतःच्याच मायलिनमधल्या पीएलपी प्रथिनावरही उलटतात. मल्टिपल स्क्लेरोसिस या माणसातल्या मायलिन झडण्याच्या आजारावर काम करणाऱ्यांना हवा असतो तो नेमका हाच टप्पा.

विषाणूचा वाण डीए किंवा बीॲन घ्या. जीडीव्हीआयआय हा जहाल वाण घेतलात तर चेतापेशी नष्ट होऊन उंदीर लवकरच मरेल आणि मायलिनचा प्रश्न तिथेच संपेल.

टोचताना ५-६ आठवड्यांच्या माद्या, आयसोफ्लुरेनची भूल, २७ गेजची सुई आणि २०-३० मायक्रोलिटर द्रव एवढे पुरते. सुईवर नळीचा तुकडा चढवून फक्त २ मिलिमीटरच्या आसपास टोक मोकळे ठेवा. खोली चुकली तर रक्तस्राव होतो, आणि त्यातून आलेला लकवा विषाणूच्या खात्यावर मांडला जातो. सुई लगेच ओढली तर द्रव छिद्रातून परत वर येतो आणि प्रत्येक उंदराला वेगळी मात्रा मिळते. मिनिटभर थांबून ती सावकाश काढा. विषाणू बर्फावर ठेवा, छोट्या कुप्यांत भरा, वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नका. ओटा पुसायला अल्कोहोलवर विसंबू नका: या विषाणूला मेदाचे आवरण नाही, त्यामुळे सोडियम हायपोक्लोराइटच लागते. तो उंदरांत नैसर्गिकरीत्या विष्ठेतूनही पसरतो. म्हणून नियंत्रण गटाचे पिंजरे वेगळे हवेत आणि आलेल्या उंदरांत आधीपासून प्रतिपिंडे नाहीत ना, हे तपासायला हवे.

आता दोष. ते गंभीर आहेत.

या जातीत डिस्फर्लिन या स्नायूंसाठी लागणाऱ्या जनुकात बिघाड आहे. स्नायू हळूहळू क्षीण होतात आणि सहा महिन्यांनंतर ते ठळक दिसते. म्हणजे रोटारॉडवरून (तोल तपासायच्या फिरत्या दांड्यावरून) लवकर पडणारा म्हातारा उंदीर मायलिन गेल्यामुळे पडला की स्नायूंमुळे, हे नुसत्या आकड्यांवरून कळणार नाही. त्याच वयाचा, फक्त माध्यम (विषाणू नसलेला द्रव) टोचलेला गट शेवटपर्यंत सोबत चालवलाच पाहिजे. रोटारॉडचा सराव संसर्गाआधी करून घ्या, आणि निकाल लक्सोल फास्ट ब्लू या मायलिन दाखवणाऱ्या रंगाने रंगवलेल्या मज्जारज्जूच्या कापांशी ताडून पाहा.

दुसरे, पीडीई६बी जनुकातल्या आरडी१ उत्परिवर्तनामुळे हे उंदीर दूध सुटण्याच्या वयातच जवळजवळ आंधळे होतात. खुणा पाहून पाण्यातला लपलेला चौथरा शोधत पोहण्याची मॉरिस चाचणी त्यांच्यावर घेऊन स्मृतिदोषाचा निष्कर्ष काढणे सरळ चूक आहे. तिसरे, नर अतिशय भांडखोर. आठ आठवड्यांच्या पुढे एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना ठारही करतात. जखमांतून येणारा दाह तुमच्या रोगप्रतिकारशक्तीच्या मोजमापात मिसळतो. बहुतेक प्रयोगशाळा माद्याच वापरतात ते याच कारणाने.

संसर्गानंतरचे झटके आणि अपस्मार हा तुमचा विषय असेल तर हे उंदीर घेऊच नका. डीए वाण टोचलेल्या सी५७बीएल/६जे उंदरांत पहिल्या आठवड्यातच झटके दिसतात; तोच साठा, क्रमांक ०००६६४, मागवा.

भारतात मागवणाऱ्यांनी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आणि आयातीची कागदपत्रे हाती येईपर्यंत टोचणीची तारीख ठरवू नये. प्रवास आणि विलगीकरणात उंदरांचे वय वाढते, तेव्हा मागणी नोंदवताना ते दिवस वजा करून शक्य तितके कमी वयाचे उंदीर मागा.